दोन सीटचे

अंबड चौफुलीवर पावणेनऊला
फोनमधल्या नकाशावर एक रिक्षा
मुंगीसारखी माझ्याकडे सरकत होती.
चार मिनिटं. दोन मिनिटं. आली.
आत आधीच दोघं: थैलीवाले एक काका
आणि मांडीवर टिफिन घेतलेली नर्सिंगची पोरगी.
पोराने मला खालून वर पाहिलं,
मी रोज ट्रक पाहते तसं,
काट्यावर चढायच्या आधीच आकडा धरून.
"मावशी, दोन सीटचे पडतील."
मी तोंड उघडेपर्यंत त्याने अंगठ्यानं
स्क्रीनवरचं काहीतरी पुसलं,
आणि माझ्या हातातला फोन थरथरला:
फेरी रद्द. कारण, प्रवासी आला नाही.

प्रवासी आली होती.
निळ्या साडीत, डबा घेऊन, रस्त्याच्या कडेला.
खरं तर तिच्याएवढं त्या सकाळी चौफुलीवर
दुसरं कुणीच आलेलं नव्हतं.

काका म्हणाले, "टायर बसतं हो, त्याचं बी बरोबर हाय."
पोरगी काही बोलली नाही.
फक्त टिफिन पोटाशी घेऊन सरकली,
वीतभर जागा झाली,
आणि रिक्षा ती वीतभर जागा घेऊनच गेली.

पानटपरीवरून कुणीतरी हे टिपलं.
दुपारच्या चहाला मी सगळ्यांच्या खिशात होते.
"काट्यावरच्या बाईला वजन सांगतो व्हय!"
हमालांतला रखमाजी ठसका लागेपर्यंत हसला.
परतूरहून नणंदेचा फोन: चेहरा दिसतोय गं सगळा,
आणि लगेच, जिऱ्याचं पाणी घेऊन बघ.
थायरॉइडचं नाव काढलं की लोक नरमतात.
मी काढत नाही.
मला भाकरी आवडते, वर लोणी आवडतं.

शाल घेऊन चौघी आल्या, सत्काराला.
फोटोसाठी मला एका रिक्षात बसवलं,
उतरवलं, पुन्हा बसवलं.
परत सोडताना त्यांच्या गाडीत म्हणाल्या,
"तुम्ही पुढंच बसा, ऐसपैस."

पोराचं खातं बंद झालं, असं कळलं.
एका रात्री कुणीतरी त्याच्या रिक्षाचं हूड फाडलं.
मी फाडलं नाही.
ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं,
मग जेवताना नाही वाटलं.

तीन आठवड्यांनी तो काट्यावर आला,
कुणाच्या तरी छोट्या हत्तीत भंगार भरून.
वैजनाथ, गाव सेलगाव, मी पावतीवर लिहिलं.
त्यानं मान वर केली नाही.
भरलेलं वजन घेतलं, तो आत बसलेला.
माल उतरवून आला आणि रिकाम्या वजनाला
उडी मारून काट्याच्या बाहेर उभा राहिला.
ही युक्ती जालन्यात जुनी आहे,
माणसाचं वजन लोखंडाच्या भावात जातं.
मी खिडकीतून म्हटलं,
"बस गाडीत. मघाशी होतास ना?"
तो बसला.
दोन्ही हात स्टिअरिंगवर, वर्गात बसवल्यासारखा.
"माझं किती भरलं असतं, मावशी?"
"साठ. फार तर पासष्ट."
"जेवण होत नाही येळेवर," तो म्हणाला.
मी पावती फाडून दिली. आकडा होता तोच.

संध्याकाळी शटर ओढायच्या आधी
चपला काढून मी एकटी काट्यावर गेले.
साठ टनांचा काटा, दहा-दहा किलोंनी मोजणारा.
त्याला मी म्हणजे पत्र्यावर कावळा.
काचेमागे लाल आकडा चाचपडत राहिला,
एकशे दहा, एकशे वीस, एकशे दहा,
त्याला काही ठरवता येईना.
मी तशीच उभी राहिले जरा वेळ.
गरम लोखंड, पायाखाली दिवसभराचं ऊन.

मग दिवा मालवला, कुलूप लावलं,
फोन काढला.
किती सीट, त्यानं विचारलं.
मी एक दाबलं
आणि नकाशात मुंगी शोधत उभी राहिले.